घारीच्या टपाखाली

आमच्या बाहेरच्या खोलीत एका फळीवर मंडळाचे कप असायचे. घरातल्या कपांत मी ते मिसळू द्यायची नाही. प्रत्येकाच्या कपावर त्याच्या आवडत्या गाडीचं चित्र माझ्या धाकट्या भावाने, सदूने, रंगवलेलं होतं. रविवारी दुपारी मंडळ जमलं की ज्याचा त्याचा कप ज्याला त्याला. नियम एकच होता. नवी गाडी जुनी म्हणून जो मंडळात खपवील, त्याचा कप पालथा ठेवायचा. कप पालथा झाला की चहा बंद आणि बैठकही बंद.

नियम आमच्या ह्यांनी केला होता. ह्यांना सगळे अण्णा म्हणतात. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर ह्यांचा फोटो स्टुडिओ, मागे आमचं घर. त्या फळीवर पाच वर्षं एकच कप पालथा होता, आणि तो सदूचा होता. ज्याने सगळ्यांच्या कपांवर गाड्या काढल्या, त्याचाच.

मंडळाचं वेड साधं होतं. परदेशी प्लास्टिकच्या गाड्यांची किटं. खोक्यात गाडीचं अख्खं अंग आणि बाकीचे सुटे भाग येतात, ते चिकटवले की वीतभर गाडी तयार होते. पण ह्या लोकांना गाडी तयार करण्यात फारसा रस नाही. जुनी असावी, न जोडलेली असावी, खोक्यासकट असावी, मग तिला मान. कोणाचा मामा बोटीवर, कोणाचा साडू दुबईला, कोणी चोरबाजारात हिंडणारा. असं एकेक खोकं यायचं आणि त्यावर दुपार सरायची. चाकं रबराची का प्लास्टिकची, खोक्यावरच्या चित्रात आकाश निळं का जांभळं. मी चहा ठेवता ठेवता ऐकायची. ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं.

सगळ्यांत मोठा वाद रीइश्यूचा. कंपनी वीसपंचवीस वर्षांनी जुना साचा पुन्हा बाहेर काढते आणि तीच गाडी नव्याने विकते, ती रीइश्यू. मी मनातल्या मनात तिला पुनर्जन्म म्हणायची. फरक ओळखायचा तो अंगावरच्या खुणेवरून. मधल्या काळात साच्याला तडा गेलेला असतो, आणि मग त्यातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीवर त्या जागी केसाएवढी बारीक, वर आलेली रेघ उमटते. पहिल्या गाड्यांवर ती नसते.

सदूकडे एक गाडी होती. पांढरी, लांबलचक, मागे पंखांसारखी दोन टोकं वर आलेली. मंडळात तिचं नाव ‘घार’. आमचा मामा बोटीवर खानसामा होता, त्याने सदू शाळेत असताना आणून दिली. इतकी देखणी की सदूने ती कधी जोडलीच नाही. पुढे तो बदलापूरच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला, पण दर दसऱ्याला घार घेऊन माझ्याकडे यायचा. मी शस्त्रांबरोबर तिचीही पूजा करायची. एका दसऱ्याला मी तेलात कुंकू कालवलं आणि वातीच्या काडीने तिच्या टपाच्या आतल्या बाजूला, बरोबर चालवणाऱ्याच्या डोक्यावर, एवढासा ‘श्री’ काढला.

सदू म्हणाला, “ताई, अगं, हे आता जाणार नाही. आणि वाकडा काढलास.”

“आतून आहे, कोणाला दिसतोय?” मी म्हटलं. “आणि चालवणाऱ्याला दिसला म्हणजे झालं.”

“त्यात चालवणारा नसतो गं.”

“मग देवच चालवील.”

घारीचा पुनर्जन्म शहाऐंशी साली झाला. ती बातमी मंडळात आणली वर्तकांनी. हे वर्तक मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात मॅनेजर, शिरगावला स्वतःचा बंगला, इंग्रजी मासिकं मागवायचे. त्यांनीच सांगितलं, की नव्या घारीच्या डिकीखाली रेघ येते. सदूला म्हणाले, “मास्तर, तुमची आठ दिवस द्या. माझ्याकडे नवी आलीय, शेजारी ठेवून अभ्यास करतो.” सदूने दिली. सदू कोणालाही काहीही द्यायचा.

आठ दिवसांनी गाडी परत आली, आणि पुढच्याच रविवारी वर्तक भर मंडळात म्हणाले, “मास्तर, तुमची घार काढा बरं. डिकीखाली बोट फिरवा.”

सदूने फिरवलं. रेघ होती.

“अरेरे,” वर्तक म्हणाले. “मला परवाच कळलं होतं, पण म्हटलं स्वतः सांगाल. जुन्या खोक्यात नवा माल? मुलांना शिकवता ना तुम्ही?”

सदूने गाडी खोक्यात ठेवली. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. ह्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग उठले, फळीवरचा सदूचा कप घेतला आणि पालथा ठेवला. स्वतःच्या मेव्हण्याचा. नियम ह्यांनी केला, ह्यांनीच पाळला, आणि त्याचा ह्यांना किती अभिमान वाटला तेही मी दारातून पाहिलं.

सगळे गेल्यावर मी ती गाडी उचलली आणि टपाच्या आत पाहिलं. आत पांढरं स्वच्छ. ‘श्री’ नव्हता.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “कुंकू आहे ते. पुसलं गेलं असेल.”

“तेलातलं आहे. घासूनही जाणार नाही.”

“मग वर्तक चोर आहे म्हणतेस? बंगलेवाला माणूस? उगाच काहीतरी. तुझ्या देवधर्मावर मंडळाचा न्याय नाही होत.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. सदूही म्हणाला होता, “ताई, तू कोणाला काही बोलू नकोस. मला आता हौसच राहिली नाही.” त्याने सगळी खोकी माळ्यावर टाकली. दसऱ्याला यायचा, पण रिकाम्या हाताने. शाळेतही गोष्ट पोचली होती. कोणा पोराने फळ्यावर गाडी काढून खाली लिहिलं, ‘मास्तरांची जुनी’. सदूने ते स्वतः पुसलं आणि वर्ग चालू ठेवला. हे मला त्याने सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

खोटं न बोलण्याचं माझं व्रत लग्नाआधीपासूनचं. कप पालथा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शिवमंदिराच्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले आणि दुसरं घेतलं. देवासमोर म्हटलं, ज्याने माझ्या भावाची घार नेली त्याने ती आपल्या हाताने, सगळ्यांसमोर उघडावी. तोवर गोड तोंडाला लावणार नाही. त्याला क्षमा करायची बुद्धी दे, असं मी मागितलं नाही. मला नको होती.

त्यानंतर सहा महिन्यांनी वर्तक नवं खोकं घेऊन आले. जुनी घार. वरून पातळ चकचकीत प्लास्टिक ताणून बसवलेलं. “मुंबईच्या एका म्हाताऱ्याकडून मिळाली,” म्हणाले. “सीलबंद! फॅक्टरीतून निघाल्यापासून हवासुद्धा लागलेली नाही.” मंडळ हरखलं. सीलबंद किट कोणी फोडत नाही. तीच त्यांची मोठी शिस्त. फोडलं की मान गेला. त्यामुळे आत काय आहे ते कोणी कधी पाहणार नव्हतं, आणि वर्तकांना ते पक्कं ठाऊक होतं. मीही खोक्याकडे पाहिलं आणि मला समजलं. तरुणपणी वर्तकांकडे अशीच एक घार होती, ती जोडताना बिघडली, हे ते एकदा स्वतःच बोलून गेले होते. खोकं जपून ठेवलं असणार. सदूची गाडी आपल्या खोक्यात, नवी गाडी सदूच्या खोक्यात.

दर दसऱ्याला ते खोकं मंडळात मिरवायला यायचं. वर्तक म्हणायचे, “पूजा वहिनींच्या हातची हवी.” मी करायची. दर रविवारी त्यांचा कप घासायची, पुसायची, त्यात दोन चमचे साखर घालायची, स्वतः बिनसाखरेचा प्यायची. पाच वर्षं वाट पाहिली, कारण घाई केली असती तर ते सावध झाले असते आणि खोकं नाहीसं झालं असतं. त्यांना आपल्या खोक्याचा पुरता गर्व चढायला हवा होता.

एक्क्याण्णवच्या दसऱ्याला तो चढला. दादरला एक मोठं मंडळ होतं, त्यांच्या प्रदर्शनात वर्तकांची घार मधोमध मांडायची ठरली होती आणि त्यांना अध्यक्ष करणार होते. त्या दिवशी खोकं पाटावर ठेवलं. मी कुंकवाचं बोट लावलं, ते चकचकीत प्लास्टिकवरून घसरलं.

उल्हासनगरच्या कॅम्पातले नारीभाई शेजारीच बसले होते. त्यांचं पॅकिंगचं दुकान. साबण, अत्तरं, खेळणी, सगळ्यावर ते असंच प्लास्टिक चढवून द्यायचे. मी सहज विचारलं, “नारीभाई, तुमच्या दुकानात हेच चढवता ना? हे काढल्याशिवाय आत काय आहे ते कळतं का हो?”

नारीभाई मोठ्याने हसले. “अरे वहिनी! हे चढवून मी ईंट दिली ना, तुम्ही फॉरेनचा साबण म्हणून अंगाला लावाल!”

सगळे हसले. वर्तक हसले नाहीत.

मी म्हटलं, “तसं नव्हे. रीइश्यूसुद्धा असंच बांधता येत असेल ना, म्हणून विचारलं.”

एवढंच बोलले आणि आत गेले. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

ठिणगी बरोबर पडली होती. पुढच्या रविवारी हिरामण, जांभूळच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होता तो, खोक्याचं नाव निघताच म्हणाला, “वर्तकसायब, आमच्या जांभूळच्या पाण्यात पन तळ दिसतो. तुमच्या खोक्याचा काय दिसत नाय.”

“तुला कळतं का सीलबंद म्हणजे काय?” वर्तक म्हणाले.

“नारीभाईच्या दुकानात रोज व्हतं त्ये!”

“सायब,” नारीभाई म्हणाले, “बुरा मत मानो, पण हे प्लास्टिक बघितलं ना मी, कोपऱ्याला दुमडलंय ते आपल्या कॅम्पासारखंच दुमडलंय. मी पण असंच दुमडतो. फॉरेनवाले पण दुमडत असतील, काय माहीत.”

वर्तकांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “वर्तक, शंका निघाली की उघडून दाखवायचं, नाहीतर कपाचा नियम आहेच. मेव्हण्यालाही सोडलं नाही मी.”

मी चहा आणत होते. ट्रे खाली ठेवेपर्यंत वर्तकांचा चेहरा बदललेला होता. आधी राग होता, मग एकदम सैल झाला. मी तो चेहरा वाचला. वर्तकांच्या लक्षात आलं होतं, की आतली गाडी जुनीच आहे. उघडली तर रेघ निघणार नाही. चोरलेली होती, पण खरी होती. सील फुटल्याने मान गेला तरी गाडी खरी असल्याचे दादरला हीच मंडळी साक्षीदार होतील.

“उघडतो,” वर्तक म्हणाले. “पण सीलबंद ओरिजिनल निघाली तर सगळ्यांनी उभं राहून माफी मागायची. वहिनींनीसुद्धा. सुरुवात त्यांनी केलीय.”

“मागेन,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी सदूला जेवायला बोलावलं. तो मंडळाच्या वेळी थांबेना. मी म्हटलं, “मला नारळ खवून दे आणि जा.” तो स्वयंपाकघरात विळीवर बसला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मागच्या दाराने निघून गेला असता.

बाहेर वर्तक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ह्यांनी फोटो खरवडायचं पातं दिलं. वर्तकांनी स्वतःच्या हाताने प्लास्टिक कापलं, झाकण काढलं, पांढरी घार बाहेर घेतली आणि उलटी करून ह्यांच्यासमोर डिकी धरली. ह्यांनी बोट फिरवलं. भिंग लावून पाहिलं. मग नारीभाईंनी, मग हिरामणने.

“रेघ नाय,” हिरामण म्हणाला.

“ओरिजिनल आहे,” हे म्हणाले. “वर्तक, चूक झाली आमची.”

“उभे राहा,” वर्तक म्हणाले.

सगळे उभे राहिले. मी पदर सावरून पुढे झाले.

“वर्तकभाऊ, माफी मागायच्या आधी एकच विचारते. हे खोकं फॅक्टरीतून निघाल्यापासून कोणी उघडलंच नव्हतं ना?”

“कोणी नाही.”

“आत कोणाचा हात लागला नाही?”

“वहिनी,” ते हसून म्हणाले, “तुमच्या महादेवाचासुद्धा नाही. शपथ घेऊ का?”

“घ्या.”

त्यांनी गळ्याला हात लावून घेतली. मी ह्यांच्याकडे वळले.

“अहो, टपाच्या आतून बघा ना.”

ह्यांनी गाडी अजून उचललीही नव्हती, तोच ह्यांचा चेहरा उतरला. पाच वर्षांपूर्वी मी काय बोलले होते ते ह्यांना आठवलं. गाडी ह्यांनी अगदी सावकाश उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली.

“काय आहे अण्णा?” नारीभाईंनी वाकून पाहिलं. “अरे! ये तो... वहिनी, फॉरेनमध्ये पण पूजा करतात काय?”

टपाच्या आत, चालवणाऱ्याच्या डोक्यावर, तांबडा ‘श्री’ होता. जरा फिका झालेला.

वर्तक म्हणाले, “हा... हा कुणीतरी आत्ता...”

“पातं तुमच्या हातात व्हतं,” हिरामण म्हणाला. “गारी पन तुमीच काढली. कोन कवा काढनार?”

मी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, “सदू, जरा बाहेर ये.”

तो आला. हाताला खोबऱ्याचा कीस लागलेला. आधी वर्तकांना पाहून मागे सरला, मग ह्यांच्या हातातली गाडी पाहिली. पुढे येऊन टपाच्या आत डोकावला.

“ताई,” तो म्हणाला, “तुझा ‘श्री’ वाकडाच आहे गं.”

हे फळीकडे जायला निघाले. मी म्हटलं, “तुम्ही बसा.” लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, असं मी ह्यांना पहिल्यांदाच म्हटलं. मी सदूचा कप उचलला, पाच वर्षांची धूळ पदराने पुसली आणि सुलटा ठेवला. मग वर्तकांचा कप उचलला. त्यावर सदूनेच काढलेली लाल गाडी होती. तो पालथा ठेवला. दोन्ही कामं माझ्या हातून झाली, हे बरं झालं.

वर्तक गेले. खोकं तिथेच राहिलं. त्यांच्या पाठीकडे पाहून मला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. संध्याकाळी शिवमंदिरात जाऊन गुळाचा खडा देवापुढे ठेवला आणि तिथेच खाल्ला. इतका गोड लागला की डोळे मिटून घेतले.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, पण पुढच्या गुरुवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते आणि फाटकाशी वर्तक उभे. हे स्टुडिओत होते.

“वहिनी, दोन मिनिटं.”

“या.”

ते खुर्चीच्या कडेवर बसले. दाढी केलेली नव्हती. म्हणाले, “नारीभाईने दादरला सांगितलं. ते लोक प्रदर्शनात घेणार नाहीत म्हणतात. अध्यक्षपद तर जाऊच दे, मला दारात उभं करणार नाहीत. वीस वर्षं त्यांच्यात ऊठबस आहे माझी.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“तुम्ही एकच करा. त्यांना म्हणा की तो ‘श्री’ तुम्ही त्या रविवारी काढला. गंमत म्हणून. गाडी इकडून तिकडे फिरत होती तेव्हा. तुम्ही बाईमाणूस, देवभोळ्या, तुम्हाला कोण काय बोलणार? हसतील आणि सोडून देतील. गाडी मास्तरांकडेच राहू दे. मी मागणार नाही.” आणि मग अगदी हळू, “मी हात जोडतो.”

त्यांनी खरंच जोडले.

“बसा,” मी म्हटलं. “चहा करते.”

फळीवरून त्यांचा पालथा कप काढला, विसळला. दूध घातलं, आलं किसून घातलं, दोन चमचे साखर, नेहमीप्रमाणे. त्यांच्यापुढे ठेवला. त्यांच्या डोळ्यांत आशा दिसली. कप सुलटा पाहून वाटली असेल.

ते प्यायले. शेवटचा घोट संपेपर्यंत मी थांबले.

“वर्तकभाऊ,” मी म्हटलं, “माझं खोटं न बोलण्याचं व्रत आहे. लग्नाआधीपासूनचं. तुम्ही मागितलंत ते दुसरं काहीही असतं तर दिलं असतं.”

“वहिनी, एकदाच...”

“व्रत एकदाच मोडतं, भाऊ.”

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग उठले, चपला चढवल्या आणि फाटक न लावताच गेले. मी फाटक लावलं. आत येऊन कप घासला, स्वच्छ पुसला, आणि पुन्हा त्याच जागी, सदूच्या सुलट्या कपाशेजारी, पालथा ठेवला.